दादाच्या सभेची परवानगी

प्रिय दादा,

अकरा मतांनी मला हरवलंस, अभिनंदन.

तुझ्या प्रचारसभेवर बंदी आली, तेव्हा तुझी बाजू घ्यायला एकही वकील तयार होईना. शेवटी शहरातली पहिली वकीलबाई, म्हणजे मीच, उभी राहिले. न्यायाधीश म्हणाले, "बाई, हे निवडणुकीत तुमच्याच विरुद्ध ना?"

"हो, पण त्याला बोलू तर द्या!"

बंदी उठली. त्याच सभेत तू छाती फुगवून म्हणालास, "बायकांना कायद्यातलं काय कळतं?" टाळ्यांचा नुसता कडकडाट! पहिल्या रांगेत बसून मी दातओठ खात होते.

आज फेरमोजणीचा अर्ज दिलाय. वकिलाने विरुद्ध पक्षाला परस्पर लिहायचं नसतं, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. तू मात्र चांगला वकील बघ. या वेळी मी मोकळी नाही.

तुझी,
तूर्तास हरलेली धाकटी