एका ओळीचं शुद्धिपत्र

अकोला,
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, १९३६

प्रिय शकुन,

पाकिटावर अकोल्याचा शिक्का पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. शिक्का खरा आहे. मी मुंबईत नाही, परवापासून इथे आपल्या मित्राच्या, देवीदासच्या, छापखान्यामागच्या खोलीत आहे. तू तेल्हाऱ्याला तुझ्या वडिलांच्या मळ्यात आणि मी इथे, म्हणजे सकाळची मोटार धरली तर दुपारी तुझ्या समोर. तरी पत्र लिहितो आहे, कारण तुझ्या वडिलांच्या, महादेवरावांच्या, ओट्याशी येऊन उभं राहायची हिंमत अजून झालेली नाही. भाऊबीजेचं निमित्त करून तू अमरावतीच्या राजापेठेतल्या आपल्या घरून निघालीस, ती परत आली नाहीस. का गेलीस ते मला ठाऊक आहे. पण त्याआधी मला जरा चिडू दे. चार वर्षांचं साठलं आहे, आणि माझी किरकिर शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस मला तुझ्याशिवाय मिळालं नाही. पाहिलंस, आपलं वऱ्हाडी 'भेटलं नाही' म्हणायचं तर 'मिळालं नाही' म्हणालो. इतका मी बाटलो आहे.

गिरगावात लेखक म्हणून राहणं म्हणजे काय ते तुला एकदा दाखवायला हवं होतं. एका खोलीत आम्ही पाच जण, आणि बसून लिहायला माझी स्वतःची पत्र्याची पेटी. लिहायला बसलं की चाळीतलं कोणीतरी दारात उभं. लेखक आहात ना, मग घरमालकाला एक खरमरीत पत्र लिहून द्या. लेखक आहात ना, मग पुतणीच्या लग्नाची मंगलाष्टकं रचा, नवरदेवाचं नाव मात्र चारही कडव्यांत आलं पाहिजे. चार वर्षांत मी त्या चाळीसाठी जेवढं लिहिलं तेवढं स्वतःसाठी लिहिलं असतं तर दोन पुस्तकं झाली असती. खानावळीत आमटीला गूळ. एकदा वर तिखट मागितलं तर बाईंनी काळजीनं विचारलं, सर्दी झाली आहे का? पोट भरत होतं, जीव भरत नव्हता.

मासिकातली नोकरी तर विचारूच नकोस. दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं तपासायची आणि मधल्या वेळात केसांच्या तेलाची जाहिरात लिहायची. ती जाहिरात पास कोण करणार, तर आमचे संपादक, ज्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. माणूस वाईट नाही, पण सदाशिव पेठेच्या पलीकडे मराठी बोलतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मला म्हणायचे, तुमच्या कथेत वऱ्हाडचा रंग येऊ द्या, फक्त भाषा शुद्ध ठेवा. मग मी लिहिलेल्या वावराचं शेत व्हायचं. बाजारातून 'पुस्तक भेटलं' असं लिहिलं की विचारायचे, पुस्तकाला काय वाटेत गाठलंत? 'संभार' या एका शब्दासाठी मी अख्खी दुपार भांडलो. तुझ्या वाफ्यातला संभार, गं! शेवटी छापली कोथिंबीरच. माझ्या नावालाही त्यांनी सोडलं नाही. नत्थू फार गावठी वाटतं म्हणून मी छापात 'नाथ' झालो. मायला अंक दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, "हा नाथ कोन्हाचा पोरगा?"

आता दिवाळी अंकातल्या त्या कथेकडे येतो. ती कथा तुझी होती, हे तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार. राजापेठेत हारांचं दुकान मांडून बसणारी बाई. संध्याकाळी माल संपला तरी मूठभर शेवंती बाजूला ठेवते आणि स्टेशनावरून येणारे टांगे मोजत बसते, कारण नवरा मुंबईहून यायचा आहे. दोन वर्षांपूर्वी आलो तेव्हा ती बाजूला ठेवलेली शेवंती मी पाहिली होती. तू म्हणालीस, विकली गेली नाही म्हणून उरली. मी मुंबईला परतताच लिहायला बसलो. त्या कथेची शेवटची ओळ मी अशी लिहिली होती: 'ती अजून वाट पाहून राहिली.' यात न कळण्यासारखं काय आहे? तुला, मला, टांगेवाल्याला कळतं. संपादक मात्र चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, वाट पाहून राहिली म्हणजे? कुठे राहिली? मी सांगितलं, आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे. ते म्हणाले, आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे पाहुणा जेवला आणि मुक्कामालाही राहिला. सगळी कचेरी हसली. मग लाल शाईनं त्यांनी ओळ पुरी केली: 'वाट पाहून पाहून अखेर तिने वाट पाहणेच सोडून दिले.'

तो दिवाळी अंक तुला पोस्टानं मीच पाठवला, तोही मोठ्या ऐटीत. पुढचं मला देवीदासनं कळवलं. तो अमरावतीला गेला होता तेव्हा मायनं त्याला सगळं सांगितलं. तू कथा दोनदा वाचलीस. हाराचा दोरा गुंडाळून ठेवलास आणि मायला म्हणालीस, "त्यायनं छापून देलं का मी वाट सोडली. छापलं तं खरंच असन. मंग मी काहून बसू इथं?" शकुन, खरं सांगतो, हे वाचून मी आधी चिडलो तो तुझ्यावरच. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझं एक म्हणणं तू कधी पडताळल्याशिवाय खरं मानलं नाहीस. पाऊस येतो म्हटलं तरी अंगणात जाऊन बघून यायचीस. आणि विश्वास ठेवलास तो नेमका छापलेल्या ओळीवर, तीही पुण्याच्या माणसानं लिहिलेल्या!

तडक संपादकांकडे गेलो. म्हटलं, पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्या, शेवटची ओळ माझी नाही. त्यांनी शांतपणे कपाटातून माझ्या कथेचं प्रूफ काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. खाली 'पास' लिहिलेलं होतं आणि सही माझी होती. हे तुला सांगायचं म्हणून मी मघापासून गूळ, चाळ आणि कोथिंबीर दळत बसलो आहे. प्रुफं मीच तपासतो ना, तसं हेही माझ्याच टेबलावर आलं होतं. संपादक दोन दिवस गावाला गेले होते. एक रेघ मारून माझी ओळ परत बसवली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. संभारासाठी दुपारभर भांडणारा मी, इथे पेन्सिल हातात घेऊन बसून राहिलो. मला ती ओळ आवडली होती. नुसती कानाला नाही. तू वाट पाहणं सोडलंस, तर माझं न येणं माझ्या माथी राहत नव्हतं. गेल्या दोन दिवाळ्या मी रजा मिळत नाही असं तुला लिहिलं. एकदा खरंच नव्हती. दुसऱ्यांदा होती, पण माझं पुस्तक झालेलं नाही, लोक विचारतील तेव्हा काय सांगू, म्हणून आलो नाही. ती ओळ वाचून मला क्षणभर हलकं वाटलं, आणि मी पास लिहिलं. मला याची फार लाज वाटते.

मुंबईची नोकरी सोडली आहे. देवीदास साप्ताहिक काढतो आहे, त्यात लिहीन. त्याला मी संभार लिहिला की संभारच कळतो. पण तू रागावून बसलीस म्हणून मी आलो, असं समजू नकोस. मी आलो कारण खोटी ओळ माझ्या हातून पास झाली आणि ती दुरुस्त करायचा अधिकार संपादकांनाही नाही, मलाही नाही. अंकातलं ते शेवटचं पान फाडून सोबत पाठवतो आहे. छापलेली ओळ मी खोडली आहे आणि तिच्या खाली जागा मोकळी ठेवली आहे. माझी जुनी ओळ तिथे लिहावी असं फार वाटलं, पण ती आता खरी आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. तू लिही. छापलेलीच ठेवायची असेल तर तीही ठेव, मी भांडणार नाही. गुरुवारच्या मोटारीनं ते पान घ्यायला मी तेल्हाऱ्याला निघणार आहे. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये म्हणून दर वेळी तुला 'येतो' म्हणालो आणि गेलो, तेव्हा तो शब्द आता तुला लिहीत नाही. आपल्या बोलीत लिहितो. तू ते तुझ्या मनानं वाच, नाहीतर संपादकांच्या मनानं वाच, मला दोन्ही अर्थ कबूल आहेत. शकुन, मी येऊन राहिलो.

तुझाच,
नत्थू