व्हरांड्यातली शालन

२ सप्टेंबर १९५६, चिंचवड
निश्चय. बायकोचं, शालनचं, वर्षश्राद्ध २८ ऑक्टोबरला. तोवर तिचं चित्र पुरं करायचं म्हणजे करायचं. चाकणहून सासूबाईंचा निरोप आलाय, पोरीचं तोंड एकदा बघू द्या. घरात फोटो एकही नाही. घरचंच माणूस, कधीही बसवता येईल, म्हणून राहिलं. पण फोटो हवाच कशाला? अकरा वर्षं डोळ्यांसमोर होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला! दर दिवाळीला कॅलेंडरच्या लक्ष्म्या काढणारा हात आहे हा.

४ सप्टेंबर
प्रसंग ठरला. बंगल्याचा व्हरांडा, वेताची खुर्ची, अंगावर शालू. तिन्ही गोष्टी तिला कबूल केल्या होत्या. राहून गेल्या. चित्रात देऊ. खोटी जागा खरी वाटायची तर उजेड एकाच बाजूनं हवा आणि सावली चुकता कामा नये. देहूरोडच्या एका शिपायाला मी चित्रात असाच विमानाशेजारी उभा केला होता. त्याच्या गावात अजून कोणाला शंका नाही.

११ सप्टेंबर
पुठ्ठ्याचा व्हरांडा केला. काड्यापेटीची खुर्ची. कंदील हा सूर्य. खांबाची सावली अशी पडली की वा रे पठ्ठे! शालनला हाक मारली, ये बघायला. सवय, दुसरं काय.

१९ सप्टेंबर
शेजारच्या गोजाबाई स्वतःचा लग्नातला शालू नेसून बसल्या. तासाभरात कुरकुर. म्हणे, पेंटरभावजी, पाठ मोडली माझी, शालन कवा अशी निवांत बसली व्हती का वो? मॉडेलनं बोलू नये. पुढच्या खेपेला आधीच बजावायचं.

३० सप्टेंबर
शालू, खुर्ची, हात झाले. जरीची तार न् तार मोजून घ्यावी. तोंड तेवढं राहिलं. दोन तासांचं काम.

७ ऑक्टोबर
तोंड पुसलं. ढगांमुळे उजेड वाईट.

९ ऑक्टोबर
पुसलं. ब्रश झिजलाय.

१२ ऑक्टोबर
पुसलं. आठवत नाही असं नाही, सगळं आठवतं. रंग घोटून द्यायची. चहा आणून मागच्या मागे ठेवायची. बांगड्यांचा आवाज तर आत्ताही ऐकू येतो. मी वळून बघत नसे, हात हलतो. कुठलाही आर्टिस्ट वळणार नाही.

१५ ऑक्टोबर
तिचा ताप साधाच वाटला होता. मी लक्ष्मीचे डोळे करत होतो. म्हणालो, एवढे डोळे झाले की डॉक्टरकडे जाऊ. रंग ओला होता. तीन दिवस ओलाच होता. हे इथं लिहायचं कारण नाही. विषय चित्राचा आहे.

२६ ऑक्टोबर
जमलं! डोळे मिटून बसलो, मग हात मोकळा सोडला. एका बैठकीत तोंड उतरलं. गोल, शांत, हसरं. हीच माझी शालन! सासूबाई आता हंबरडा फोडणार. समजुतीचे चार शब्द तयार ठेवलेत.

२८ ऑक्टोबर
सासूबाई आल्या. चित्रावरचं कापड मी स्वतः काढलं. त्यांनी गडबडीनं डोक्यावर पदर घेतला आणि जमिनीला डोकं टेकलं. म्हणाल्या, लक्षुमी लई झ्याक काढलीया जावईबापू, जित्ती वाटती. मग उठून खोलीभर बघितलं आणि विचारलं, आन् माझी शाली कुठं हाय?
मी म्हणालो, अजून पुरं व्हायचंय.
त्यांना कमी दिसतं. वय झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
माझ्या सदऱ्याचं बटण लोंबताना बघून सासूबाईंनी सुईदोरा मागितला. कंदील लावू का म्हटलं, तर नको म्हणाल्या. पहिल्या फटक्यात सुई ओवली. टाके घालता घालता म्हणाल्या, शालीबी दोरा असाच दातानं तोडायची, न्हाई का?
मी व्हय म्हणालो.
मला माहीत नाही.