भिंतीत काढलेलं दार

अण्णा, तुमच्या खोक्यातल्या फ्लॉप्यांपैकी एकच वाचली गेली आणि तिच्यात तुमचा खेळ निघाला. म्हणजे भुयारातल्या राक्षसांच्या त्या खेळाचं तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग. फाइलवरची तारीख मी दोनदा बघितली. तुम्हाला अर्धांगाचा झटका आला, त्याच्या आधीच्या रविवारची होती ती.

नवीन जालन्यात बियाण्याच्या ऑफिसात तुम्ही कॉम्प्युटर सांभाळायचात आणि रविवारी काम असलं की मला सोबत न्यायचात. डबा खाऊन झाला की खेळ सुरू. रेकॉर्डिंगमध्ये चित्र नसतं, कोणती कळ कधी दाबली एवढंच असतं, हे तुम्हीच मला समजावलं होतं. खेळ त्या कळा स्वतःच पुन्हा दाबतो आणि सगळं जसंच्या तसं घडतं. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. आता धास्ती वाटते, कारण त्या फाइलीत तुमची बोटं आहेत, धडधाकटपणाच्या शेवटच्या दिवसांतली.

नव्या कॉम्प्युटरवर डॉसच्या काळातले जुने खेळ सरळ चालत नाहीत. त्यासाठी एक प्रोग्रॅम मिळतो, तो आतल्या आत जुन्या मशीनचं सोंग घेतो. तो बसवला, खेळ उतरवून घेतला आणि लगेच आईला हाक मारली. आधी एकटीने बघायला हवं होतं, पण माझा उतावळेपणा तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही जिना उतरता, लाल किल्ली उचलता, दोघांना लोळवता. आई चष्मा सावरून पुढे सरकते. आणि मग तुम्ही उजवीकडे वळून थेट भिंतीवर. तिथेच धडकत राहता, रिकाम्या कोपऱ्यात गोळ्या झाडता, आणि मागून येऊन कुणीतरी तुम्हाला संपवतं.

"बंद कर गं ते," आई म्हणाली. "दवाखान्यातून आल्ते, तवा असेच भिताडाला धडकायचे. मंग आधीपासूनच सुरू होतं का हे? आपल्याला कसं कळलं न्हाई?"

हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. त्या रविवारी तुमच्या शेजारी मीच होते, चांगली नववीतली घोडी. तुमचा हात जड पडत होता, नजर चुकत होती, आणि मी शेंगा फोडत बसले होते की काय? खेळाची आवृत्ती वेगळी असली तर रेकॉर्डिंग भरकटतं असं वाचलं, म्हणून मिळतील तेवढ्या आवृत्त्या चालवून पाहिल्या. दर वेळी तीच भिंत. पुढे पुढे ते वळण आलं की मी डोळे मिटून घ्यायला लागले.

आठवलं ते बदनापूरला, मी शिकवते त्या शाळेत, पेपर तपासताना. त्या भिंतीला तुम्ही लांबून वळसा घालायचात आणि वळशातच मरायचात. मला तुमची दया यायची. मैत्रिणीकडून खेळातले नकाशे बदलायचा प्रोग्रॅम मिळाला, तेव्हा मी गुपचूप त्या भिंतीत एक दार काढून ठेवलं. तुम्ही केवढे भडकलात!

"ऑफिसच्या मशीनला हात लावू नको म्हणलं होतं ना तुला? जल्दी होतं तसं बराबर करून ठेव."

थोड्या वेळाने मी तुम्हाला "केलं" म्हणून सांगितलं. केलं नव्हतं.

उतरवून घेतलेल्या खेळात ते दार नव्हतंच, म्हणून मग तेच दार मी पुन्हा काढायला बसले. एक घर डावीकडे सरकलं की तुम्ही चौकटीला अडकायचात. जरा रुंद झालं की पलीकडचा राक्षस आधीच जागा व्हायचा आणि पुढचं सगळं बिनसायचं. शाळेतून आले की हाच उद्योग. पाचव्या दिवशी तुम्ही वळलात आणि न थबकता आरपार गेलात. मी खुर्चीतच रडले. माझं खोटं तुम्हाला केव्हाच कळलं होतं, आणि तुम्ही मला त्यावरून एका शब्दाने बोलला नव्हतात.

दुसऱ्या दिवशी शेवटपर्यंत नीट बघून घेतलं आणि मग आईला बसवलं. "बघ बघ, कसे पळून राह्यले," म्हणत ती हसली. तुम्ही बाहेरच्या दरवाज्याशी पोहोचलात, तशी मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि "संपलं" म्हणाले.

"म्हंजे तवा ते चांगले होते," ती म्हणाली.

"बिलकुल," मी म्हणाले.

अण्णा, ते संपलं नव्हतं. त्या दरवाज्यापुढे तुम्ही नुसते उभे राहता. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, एक कळ दाबली की दार उघडणार. पाऊण मिनिट तुम्ही काहीच दाबत नाही. मग दोनदा चुकीची कळ दाबता आणि फाइल संपते. चहा आला असेल. फोन वाजला असेल. मीच मध्ये काहीतरी विचारलं असेल.

हे कागदावर नाही, कॉम्प्युटरवरच लिहिलं, कारण टेबलावरचा प्रत्येक कागद आई वाचते. तिला मी बिलकुल म्हणाले खरं. पण मी शेजारीच होते अण्णा, आणि मला काहीही आठवत नाही.