तुला चढतच नव्हती

बाबा, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आज शाळेतून आले ती थेट जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले, कारण हे जिवंत माणसांपैकी कुणाला सांगता येत नाही.

काकाच्या हळदीचा दिवस मला अजून दिसतो. मी दहा वर्षांची. दुपार कलते तशी मांडवातली माणसं एकेक करून आडवी होतात, आणि त्यांच्याइतकीच दारू घेतलेला तू मामाला खांद्याचा आधार देऊन मिठागराच्या अरुंद बांधावरून घरी नेतोस. तुझं पाऊल एकदाही चुकत नाही. "तुजा बापूस म्हंजे टाकी हाय टाकी," मामा मला सांगतो. मी त्याच्या चपला हातात घेऊन मागून चालते आहे आणि मला तुझा केवढा अभिमान वाटतो आहे.

पुढे मिठागर बंद झालं, तू कंटेनर यार्डात वॉचमन लागलास आणि पिणं रोजचं झालं. पण तू कधी आईवर हात उगारला नाहीस, कधी रस्त्यात पडला नाहीस, म्हणून तुला कुणी दारुडा म्हटलं नाही. अडवलंही नाही. पोटात पाणी झालं तेव्हा यकृत गेल्याचं कळलं. वॉर्डात मी मोसंबं सोलत बसले होते. तू छताकडे बघत म्हणालास, "मना कदी चढलीच नाय गो. चढली असती त थांबलो असतो."

मी म्हणाले, "आता तरी खोटं बोलू नको."

तू भिंतीकडे कूस वळवलीस. चौथ्या दिवशी गेलास. मधल्या दिवसांत आपण बोललो ते फक्त औषधांचं आणि चादरीचं.

हे, तुझे जावई, गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मूलबाळ नाहीच. हे गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात शाळेतल्या एका बाईंच्या निरोपासाठी आम्ही सगळ्या नागावला गेलो, तिथे पन्नाशीत पहिल्यांदा वाइन घेतली. दोन पेल्यांत एक जण रडायला लागली, दुसरी खुर्चीतच झोपली. मी चार पेले घेऊन भांडी विसळली. मग घरीही थोडी घेऊ लागले, संध्याकाळी, टीव्ही लावून. काही जाणवायचं नाही, म्हणून आणखी ओतायचे. दोनेक वर्षांनी रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले आले.

डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने विचारलं, "किती घेतल्यावर चढते?"

"चढतच नाही," मी जरा ऐटीतच म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं. "हेच तर वाईट आहे, मॅडम. काही जणांना जन्मतःच कमी जाणवते. ज्याचं डोकं गरगरतं तो आपसूक थांबतो. तुम्हाला तो इशाराच मिळत नाही, आत नुकसान मात्र होतच राहतं. बरेचदा हे घराण्यातून येतं. सगळंच रक्तावर ढकलता येत नाही, थांबायचं तुम्हालाच आहे. घरात कुणी होतं असं?"

"वडील," मी म्हणाले, आणि पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिला वाटलं, मी आजाराला घाबरले.

तू खरं बोलत होतास, बाबा. निमित्त सांगत नव्हतास, तुझं तुलाच नवल वाटत होतं. मी तेवढं ऐकून घेतलं असतं, तर ते चार दिवस तू भिंतीकडे बघत काढले नसतेस.

पाच आठवडे झाले, मी घेतलेली नाही. संध्याकाळ फार लांबते. कपाट आवरते, आवरलेलं पुन्हा आवरते.

भावाला मात्र अजून सांगितलेलं नाही. तो रोज घेतो, आणि त्यालाही चढत नाही. रविवारी त्याचा फोन आला, तेव्हा सांगायचं ठरवलंच होतं. पण त्याला सांगायचं तर मला हे कसं कळलं, तेही सांगावं लागेल. मी त्याला जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.