आठ वाजताची सुई

२८ ऑगस्ट
ॲपच्या चाचणीसाठी बारावं कुटुंब मिळालं! माधवनगरचं. भरतेश आणि दीपाली, नऊ वर्षांची चंदना, आजी गुणमालाबाई. चंदनाला दोन वर्षांपासून मधुमेह. साखर तपासली की लिहायची, इन्सुलिन दिलं की नोंद करायची — माझं ॲप एवढंच करतं. आठवडाभर माझ्याशी कुणी समोर बसून बोललं नव्हतं. काम झाल्यावरही मी उगाच अर्धा तास बसून राहिले.

३० ऑगस्ट
दिवसभर खोलीत. पुण्याची मीटिंग, तीही सगळ्यांचे कॅमेरे बंद. आठला जेवले, मोबाईल समोर उभा करून.

२ सप्टेंबर
चंदनाला काल दवाखान्यात न्यावं लागलं! आता बरी आहे.

दीपालीनं फोनवर सगळं सांगितलं. त्यांचं दशलक्षण पर्व चालू आहे. घरात अंथऊ — दिवस मावळायच्या आतलं जेवण — सहाला होतं. तिनं तेव्हाच सुई दिली आणि बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, प्रवचनाला गेली. आठला घरी आलेल्या भरतेशनी आपला मोबाईल पाहिला. ‘इन्सुलिन बाकी’ — लाल अक्षरात. त्यांनी पुन्हा सुई दिली.

साखर एकदम उतरली. पोरगी घामानं ओलीचिंब, आणि गूळ दिला तर तोंड उघडेना. “दिवस मावळलाय, माजा नियम हाय!” शेवटी गुणमालाबाई म्हणाल्या, “पाप लागलं तर मला लागंल. तू खा.” आणि बोटानं गूळ तोंडात कोंबला.

३ सप्टेंबर
माझं ॲप आठच्या आधी रात्रीची नोंद घेतच नाही. दीपाली सुई सहाला द्यायची, नोंद करायला मात्र रोज आठपर्यंत थांबायची; परवा आठला ती बसदीत होती. मला कधी बोलली नाही. “तुमीच तशी वेळ ठेवलीया, मला वाटलं डॉक्टरांनीच सांगितली आसंल.”

बारा घरी गेले. आजार कधी कळला, डॉक्टर कोण, मोबाईल कुठला — सगळं विचारलं. जेवता कधी, हे एकाही घरी विचारलं नाही. आठची वेळ मी माझ्या जेवणावरून घातली. शरम वाटते! बाकीच्या अकरा घरी फोन करून ती सूचना बंद करायला लावली.

४ सप्टेंबर
पुण्याहून माझे वरिष्ठ, जयराजसर — “वापरणाऱ्याची चूक, असं अहवालात लिही. त्या घरी जाऊ नकोस.”

आणि तिकडे भरतेश सुईला हात लावत नाहीत. पोरीच्या जवळही बसत नाहीत. “माज्या हातानं गेली आसती,” एवढंच म्हणतात. त्यांना खरं कोण सांगणार? मीच ना! आईला फोन लावला. साताऱ्यात पाऊस आहे का विचारलं आणि ठेवला.

६ सप्टेंबर
गेले. भरतेशसमोर बसून सांगितलं — चूक तुमची नाही, माझी. मोबाईलवर खोटं आलं, कारण मी ॲपच तसं बनवलं. त्यांनी मान वर केली नाही. गुणमालाबाई म्हणाल्या, “पानी तरी घ्या, बाई.”

अहवालात हेच लिहून पाठवलं. नोकरी राहते की जाते, माहीत नाही. खोलीवर येऊन खूप रडले.

७ सप्टेंबर
कुणाचाच फोन नाही.

८ सप्टेंबर
भरतेशचा फोन. “ताई, तुमचं ॲप काडून टाकलं.” मी बरं म्हटलं. फोन ठेवतील असं वाटलं. मग म्हणाले, “आज सुई मी दिली.”