रातची पावली

४ नोव्हेंबर

घोडी आली! नाव बिजली. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधली. दांडी गावच्या विपुलकडून घेतली. तो तिच्यावर लोकांना समुद्रकिनारी फेऱ्या मारून आणायचा, आता कंपनीत लागला म्हणून विकली.

सुगंधाचं म्हणणं, रिटायर झालेली माणसं बाग करतात, घोडी आणत नाहीत. मी विचारलं, ज्याचं नावच खंडेराव, त्याच्या दारात घोडा नको तर काय कोंबड्या? सुगंधा म्हणाली, कोंबड्या अंडी तरी देतात. बायको असली तरी काही बोलण्यांकडे दुर्लक्ष करावं लागतं.

जाताना विपुलने एकच गोष्ट बजावली. काका, म्हणाला, दिवसा थोडं मागंपुढं झालं तरी चालंल, पन रातची पावली रातभर पुरली पायजे.

पोरगा वयाने लहान, पण बोलला लाखाचं. पावली म्हणजे चार आणे. आमच्या गावी पावलीला खिसा भरून शेंगदाणे मिळायचे. तेव्हा हिशेब सरळ आहे. रुपयाभर गवत असेल तर बारा आणे दिवसा, पावली रात्री, आणि तेवढ्यात घोडीने रात्र काढायची. हे तर थर्ड शिफ्टचं तत्त्व झालं! मी बोईसरला जन्मभर शिफ्ट इनचार्ज होतो. थर्ड शिफ्टला लोड कमी ठेवायचा, हे मला कोणी शिकवायला नको.

५ नोव्हेंबर

गवत आलं. टेम्पोवाला भैया. मी कडबा मागितला, तो म्हणाला सूखी घास है. चालेल म्हटलं.

रोजच्या गवताचे चार सारखे ढीग. तीन दिवसा, एक संध्याकाळी. संध्याकाळचा ढीग दिवेलागणीच्या आत फस्त. काय तो उरक! असे कामगार कंपनीत असते तर.

संकल्प: हा नियम मोडायचा नाही. कोणासाठीही.

९ नोव्हेंबर, सकाळी लवकर

आज नोंद करण्यासारखी गोष्ट. शेडचं दार उघडायच्या आत, नुसत्या माझ्या चपलांच्या आवाजावर बिजली खिंकाळली. असं खिंकाळली की सुगंधाच्या हातातून चहाचं गाळणं पडलं.

पाच दिवसांत एवढी माया. कंपनीच्या गेटवर वॉचमन हल्ली मला नाव विचारतो. मुलगा फोनवर "बोला बाबा" म्हणतो आणि स्वतः बोलत नाही. आणि हे मुकं जनावर माझी वाट बघतं! डोळे भरून आले. लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.

१२ नोव्हेंबर

शेडच्या दाराची खालची फळी रात्रीत अर्धी कुरतडलेली. सुगंधा म्हणाली, उपाशी आहे. चूक. दात शिवशिवतात. जनावरांचं असतं.

१३ नोव्हेंबर

बिजलीने दोर तोडून मागच्या ओट्यावरची केरसुणी खाल्ली. दिवाळीत पुजलेली. नुसता बुंधा ठेवला. सुगंधाने लक्ष्मीचा विषय काढला तो दुपारपर्यंत चालला.

मी शांतपणे सांगितलं की रात्री हलकं खावं हे आयुर्वेदातही आहे. माणसाला लागू ते घोड्याला लागू. ती म्हणाली, मग तुम्ही का नाही खात हलकं? त्या क्षणी ठरवलं, आजपासून रात्री मीही पावलीवर. भाकरीचा एक चतकोर आणि वरण. इनचार्ज जे कामगारांना सांगतो ते आधी स्वतः करतो.

१४ नोव्हेंबर

रात्री चतकोर. झकास वाटलं.

मध्येच जाग आली. दिवाळीच्या चकल्या डब्यात मऊ पडत होत्या. अन्न वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. संपवल्या.

१७ नोव्हेंबर

मागच्या घरच्या राहीबाईचा वालाचा मांडव गेला. वेल, शेंगा, वरचा पालापाचोळा, सगळं. बिजलीने नवीन दोरही तोडला. हल्ली दोरांची क्वालिटीच राहिली नाही.

राहीबाई कुंपणावरून भांडायला आली. म्हणाली, भाऊ, रातीला पावली टाकत नाय काय तिला? मी म्हणालो, टाकतो म्हणजे काय, रोज पावलीच टाकतो! ती म्हणाली, मंग ती माजा मांडव कशाला खाते? मी म्हणालो, ते तिला विचारा. ती म्हणाली, पावली लय टाका, भाऊ, लय टाका. आता बघा, पावली लय कशी टाकणार? पावली ती पावली. लय टाकली की आठ आणे होतात. अशिक्षितपणा वाईट.

पण म्हातारीचं नुकसान झालं हे खरं. नवीन मांडव घालून देईन. बांबू बघायला पाहिजेत.

१८ नोव्हेंबर

सुगंधाने निर्वाणीचं सांगितलं. तिच्या मैत्रिणीच्या मुलाचं, दर्पणचं, आठ डिसेंबरला इथेच सालवडच्या मैदानात लग्न आहे. घोडी मागितली आहे. ते काम नीट झालं तर घोडी राहील. नाही झालं तर विपुलला फोन. त्याची आई म्हणे रोज घोडीची आठवण काढते आणि ते परत घ्यायला तयार आहेत. म्हणजे सुगंधाचं आणि विपुलचं माझ्यामागे बोलणं झालेलं आहे!

मी म्हणालो, मंजूर. घोडी जाणार नाही. लिहून ठेव म्हणालो. ती म्हणाली, तुम्हीच लिहा, तुम्हालाच सवय आहे.

२२ नोव्हेंबर

ट्रेनिंग सुरू. परण्याचं ट्रेनिंग. नवरदेव घोड्यावरून मांडवाकडे निघतो त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. इथे सरसकट वरात. शब्दांच्या बाबतीत ही मंडळी फार ढिली. एका शब्दाचा नेमका अर्थ काय, हे कधी कोणी थांबून विचारत नाही.

बिजलीच्या कानाशी मोबाईलवर बँड लावला. हलली नाही. डोळे मिटून उभी. शिस्त.

२७ नोव्हेंबर

सुगंधा म्हणते, बरगड्या दिसायला लागल्या. मी म्हणतो, फिगर.

मुलीला विचारलं, प्रियदर्शिनीला, व्हिडिओ कॉलवर घोडी दाखवून. ती म्हणाली, बाबा, घोड्याचं पोट लहान असतं, त्याला रात्रभर थोडं थोडं चघळायला लागतं, मी वाचलंय. मी म्हणालो, तुझ्या मोबाईलपेक्षा दांडीचा घोडेवाला जास्त जाणतो. त्याने स्वतःच्या तोंडाने पावली सांगितली आहे. तिने विचारलं, पावली म्हणजे? मी म्हणालो, तुमच्या पिढीने पावली बघितली नाही, तुम्हाला काय कळणार. फोन ठेवला.

ता. क. चकल्या कधीच संपल्या होत्या. शेव संपवली. ॲसिडिटीसाठी पोटात काहीतरी असावं लागतं.

३ डिसेंबर

सकाळचं खिंकाळणं दिवसेंदिवस वाढतं आहे. आज तर पुढचे पाय शेडच्या दारावर मारले. असं प्रेम मला नोकरीतही मिळालं नाही, घरातही नाही. सुगंधाला मी हे बोलून दाखवलं. ती उठून आत गेली. बहुधा मत्सर.

७ डिसेंबर

उद्या लग्न. बिजलीला न्हाऊ घातलं, कपाळाला गोंडे, गळ्यात घुंगरू. संध्याकाळी एक मोह झाला. ढिगात दोन मुठी जास्त टाकाव्यात. हात पुढे गेलाही होता. पण नियम म्हणजे नियम. ऐन सामन्याच्या आदल्या रात्री कोणी जड जेवत नाही.

शेपटी विंचरताना तिने माझ्या खांद्यावर मान ठेवली. शर्टाची कॉलर चावली म्हणा, पण मान आधी ठेवली. ही घोडी मी जाऊ देणार नाही. कोणाच्या बापाची भीती नाही मला.

९ डिसेंबर, दुपार

काल लिहिणं जमलं नाही.

वरात निघाली. बँड, फटाके, नाचणारी पोरं. बिजली चाललीय तर कशी, चंदनाच्या पाटावर पावलं टाकावीत तशी! दर्पण वर बाशिंग बांधून. मी लगाम धरून पुढे. सुगंधाकडे एकदा बघितलं. तीही कौतुकाने बघत होती, हे मी शपथेवर सांगतो.

मांडवाच्या दाराशी डेकोरेशनवाल्याने गावचा देखावा केला होता. बैलगाडीचं चाक, कंदील, आणि वाळल्या गवताने शाकारलेली एक झोपडी. सेल्फीसाठी. बिजली थांबली. झोपडीकडे बघून खिंकाळली. हुबेहूब सकाळी माझ्यासाठी खिंकाळते तशी. मला जरा लागलंच.

मग तिने छपराचा पहिला घास घेतला.

लगाम ओढला. बँडवाल्यांनी ओढला. नवरीच्या मामांनी मागून ढकललं. घोडी जागची हलेना. वर दर्पण, खाली छप्पर कमी कमी होत चाललेलं. उतरायला सांगितलं तर तो म्हणाला, ती चावेल. भटजी अक्षता घेऊन बाहेर आले आणि घड्याळ बघत आत गेले. मुहूर्त गेला. लग्न पुढच्या मुहूर्तावर लागलं, तोपर्यंत जेवणाची पंगत उठली होती.

डेकोरेशनवाला डोक्याला हात लावून ओरडत होता, माजी पावली खाल्ली, सगली पावली खाल्ली हिने! मी खोटं बोलणाऱ्यातला नाही. आपली चूक असेल तर माणसाने मान्य करावी. मी पुढे होऊन सर्वांसमक्ष म्हणालो, पावली कसली, चांगली बारा आणे खाल्ली आहे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

घरी आल्यावर सुगंधाने विचारलं, बारा आणे म्हणजे काय? मी पावलीचा हिशेब सांगितला. विपुलचा सल्ला, चार ढीग, सगळं. ती पायरीवरच बसली. मग म्हणाली, अहो, इकडे वाळल्या गवताला पावली म्हणतात. तुम्हाला माहीत नाही? आपण सालवडला किती वर्षं राहतोय?

मी म्हणालो, मला कंपनीत कधी गवत लागलं नाही.

१० डिसेंबर

दोष माझा नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ ठेवणं हा बेजबाबदारपणा आहे. विपुलने स्पष्ट सांगायला हवं होतं, भरपूर गवत घाला. राहीबाईने सांगायला हवं होतं. सांगितलं म्हणा, लय टाका म्हणून. पण त्या शब्दात सांगितलं.

तरीही महिनाभर ती रात्री उपाशी होती. हे खरं आहे. लिहून टाकतो.

काल रात्री अख्खी गठडी सोडली तिच्यापुढे. सकाळी शेडमध्ये गेलो. दार शाबूत, दोर शाबूत. बिजली निवांत चघळत उभी. खिंकाळली नाही. झोपेत असेल.

११ डिसेंबर

विपुल टेम्पो घेऊन आला. सुगंधाने शब्द पाळला. मी आत बसून पेपर वाचला. टेम्पो गेला तेव्हा बाहेर आलो.

मी हार मानलेली नाही. आता फॉर्म्युला कळला आहे. घोडी परत आणणार. तीन दिवसांत आणणार.

१४ डिसेंबर

दांडीला गेलो. स्कूटरला दोर बांधून, तिला परत आणायच्या तयारीने. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं.

विपुल ड्युटीवर. त्याची आई मासळी सुकत घालत होती. म्हणाली, हाय ना मागं, जाऊन भेटा. मी मुद्दाम चपला वाजवत गेलो. शेडजवळ थांबलो. पुन्हा मागे जाऊन, पुन्हा वाजवत आलो.

बिजलीपुढे छातीएवढी पावली पडलेली. तिने माझ्याकडे बघितलं, ओळखलं, मला तरी वाटतं ओळखलं, आणि मान खाली घातली. मी हाक मारली. कान हलवला. एक मूठ उचलून पुढे केली, ती माझ्या हातातून खाल्ली आणि मग ढिगातून खायला लागली. खिंकाळली नाही. पोट भरलेलं असल्यावर कोण कशाला हाका मारील?

म्हणजे त्या सगळ्या सकाळी ती मला बोलवत नव्हती.

विपुलची आई विचारत होती, नेता का परत? मी म्हणालो, नाही, सहज आलो होतो, या बाजूला काम होतं. अंग भरायला लागलंय तिचं. बरगड्या जरा कमी दिसतात.

रात्री सुगंधाने विचारलं, भाकरी किती वाढू, चतकोर? मी म्हणालो, पोटभर वाढ. ती हसली नाही. दोन वाढल्या.