नानांच्या खांद्यावरची बॅग

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चंदनला टायफॉइड! आजच व्हायचा होता मेला. अंथरुणातून फोन करतो — ताई, दोन सलाइन झाल्या की येतो मी. म्हटलं, गप पडून राहा. माझी बॅग उचलायला जिवंत राहिलास तर पुढच्या वर्षी उचल.

पण पुढचं वर्षच तर अडकलंय ना! बुधवारपासून नाशिकला गोल्फच्या मोसमातली शेवटची स्पर्धा. यादीत पहिल्या तिसांत राहिले तर पुढच्या वर्षी सरळ खेळायला मिळतं. नाही तर जानेवारीत पुन्हा पात्रता फेरी, नव्या पोरींच्या रांगेत. मी आत्ता अठ्ठाविसावी. आणि कॅडी नाही!

आई वांग्यांना तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "पिशवीच तर उचलायची ना? नानांना ने." मी इतकी हसले की ठसका लागला. नाना ओट्यावर होते. सगळं ऐकत होते. जेवताना हळूच म्हणाले — "कितली जड शे व ती?"

१५ नोव्हेंबर

सकाळी उठून बघते तर नाना माझी बॅग खांद्यावर घेऊन केळीच्या बागेच्या टोकापर्यंत जाऊन परत येतायत. पुष्पाबाई कुंपणावरून ओरडली, "चुडामण भाऊ, शिकारीले निंघना का?"

नाना ऐटीत — "घडपेक्षा हलकी शे!"

झालं. ठरलंच त्यांचं. मी नाही म्हणणार होते, पण — दहा वर्षांची होते तेव्हा मला मामाकडे शाळेला ठेवलं. मामा लष्करात, छावणीत गोल्फचं मैदान, तिथंच हा नाद लागला. तेव्हापासून नाना फोनवर फक्त एवढंच विचारतात — "जिकनी का?" माझा एक फटका त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. येऊ देत. मलाच हवंय ते, खरं सांगायचं तर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. नाशिक

सरावाची फेरी. नानांनी पांढरी टोपी काढायला साफ नकार दिला. टोपी, पायजमा, आणि वरून कॅडीचं जाकीट, पाठीवर माझं नाव. फोटो काढून आईला पाठवला. आईचं उत्तर — "नवरदेव दिसतायत."

पहिल्या होलवर उभे राहून लांबवर नजर टाकली आणि म्हणाले, "इतलं गवत, अन् एक बी म्हैस नही!" मला दोन मिनिटं चेंडू मारता येईना.

सगळं शिकवलं. मी मारताना बोलायचं नाही. तुमची सावली माझ्या रेषेत नको. भोकाभोवतीच्या ग्रीनवर झेंडा कसा काढायचा. वाळूच्या खड्ड्यातून निघताना दाताळं फिरवायचं — त्यात तर काय! खड्डा नाही, कांद्याचा वाफा करून ठेवला. दुसऱ्या पोरींचे कॅडी बघत उभे. एकानं फोटोही काढला.

१९ नोव्हेंबर

छान खेळले! माईकवरच्या माणसानं "रूपा चुडामनी" म्हटलं तर नाना पुढं होऊन म्हणाले, "चुडामण. ते मी शे." लोक हसले. मी पण. पहिलाच फटका सरळ गेला.

दर दोन-तीन होलला बॅगेच्या कप्प्यातून केळं काढतात. खा. नको म्हटलं तरी खा. सातव्याला चेंडू पाण्यात गेला. चंदन अशा वेळी तोंड पाडतो, मग मलाच त्याला समजवावं लागतं. नाना म्हणाले, "गया तो गया. चाल." आणि बॅग घेऊन चालायलाही लागले!

२० नोव्हेंबर

कट पार केला, शेवटच्या फेरीत आले! उद्या शेवटचा दिवस. नानांचे पाय सुजलेत. गरम पाण्यात बुडवून बसवलंय त्यांना. "काही नही व," म्हणतात आणि पायाची बोटं हलवून दाखवतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहू की नको.

पंधरा होल झाले तेव्हा सगळं माझ्या हातात होतं. फक्त घसरायचं नव्हतं. सोळाव्याला चेंडू उजवीकडे गेला, लांब गवतात, कडेला. फार वाईट नव्हता. मागे गाजरगवताचं एक रोप होतं, फटक्याला आडवं येत होतं, पण जमलं असतं. मी पुढे जाऊन झेंड्याकडे बघून आले. परत वळले —

नाना वाकलेले. हातात ते रोप, मुळासकट. पायावर आपटून माती झाडत होते, शेतात झाडतात तसं. "खाज सुटस त्यानी. तुना पायले लागतं," म्हणाले आणि दूर फेकून दिलं.

झालं! नियमच आहे. उगवलेलं गवत उपटायचं नाही. खेळाडूनंही नाही, कॅडीनंही नाही. दोन फटक्यांचा दंड. एवढं सगळं शिकवलं आणि हेच सांगायचं राहिलं. चंदनला हे कधी सांगावंच लागलं नाही, माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि शेतकऱ्याच्या हाताला गाजरगवत दिसल्यावर तो हात थांबतो होय!

कोणी पाहिलं नव्हतं. बरोबरच्या दोघी मैदानाच्या पार पलीकडे, त्यांचे कॅडी त्यांच्यापाशी. खोटं कशाला लिहू — एक क्षण मी चेंडूकडे बघत नुसती उभी राहिले. मग हात वर केला आणि पंचांना बोलावलं. त्यांना विचारलंसुद्धा, परत रोवलं तर? ते कसनुसं हसले. नाही चालत म्हणाले.

आमचं सगळं इंग्रजीत. नाना बॅग धरून बाजूला उभे. पंच गेल्यावर विचारलं, "काय झायं?"

मी म्हटलं, "माझा पाय लागला चेंडूला. दंड झाला."

"कोणी देखं का?"

"नाही."

"मंग सांगं काबर?"

"सांगावं लागतं नाना."

त्यांनी मग टोपी सारखी केली आणि बॅग उचलली. अठराव्यापर्यंत कशी खेळले ते आठवत नाही. एकतिसावी. एका जागेनं गेलं! खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडले. पण त्यांना नाही सांगणार. कधीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या खेळाला आले. त्यांच्या हातून माझं वर्ष गेलं, हे ओझं मी त्यांच्या डोक्यावर देणार नाही.

२२ नोव्हेंबर

एसटीनं परत. नाना दमलेत. धुळ्याला गाडी बदलायची होती, तर स्टँडवर माझ्यासाठी काय आणावं? केळी! घरी बाग उभी आणि धुळ्याच्या गाड्यावरून विकत केळी! म्हटलं, नाना, डोकं ठिकाणावर आहे ना? हसले नाहीत. एक सोलून माझ्या हातात दिलं.

आमचं अमळनेर येईपर्यंत माझा हात धरून बसले होते. लहानपणीही कधी धरला नसेल इतका वेळ.

३० नोव्हेंबर, रविवार

शेतात भरीत. काट्यांच्या जाळावर वांगी, कळण्याची भाकरी, सगळी भाऊबंदकी. मी हरून आले तरी भरीत होतंच — हे आमच्याकडे बरं आहे!

आणि नाना! पंगतीत उभे राहून गोष्ट सांगत होते. "पोरगीना पाय लागना. कोणीच देखं नही. बठ्ठा लोके तिकडे. तरी हिनी सोता सांगं, दंड द्या म्हणे!" पुष्पाबाईनं कानशिलावर बोटं मोडली. एक म्हातारा म्हणाला, "चुडामण, पोरगी काढी तू!" नानांची छाती ही एवढी.

 खोटी गोष्ट, आणि ते ती देवाच्या प्रसादासारखी वाटतायत. थांबवू कशी? थांबवलं तर खरं सांगावं लागेल. पाणी प्यायच्या निमित्तानं उठून विहिरीकडे गेले.

९ डिसेंबर, मंगळवार

पात्रता फेरीचं ठरलं, जानेवारीच्या शेवटी. चंदन अजून काडीसारखाच, डॉक्टर दोन महिने ऊन नको म्हणतात. तसं एक दोन कॅडी मिळतील. पण मला नानाच हवेत! त्यांच्याबरोबर जसं खेळले तसं वर्षभरात खेळले नव्हते. पाण्यात गेलेला चेंडू पाण्यातच राहतो त्यांच्याबरोबर, डोक्यात येत नाही.

विचारलं. म्हणाले, "केळी कापानी शे."

म्हटलं, कापणी आधीच उरकू.

"कंबर दुखस."

म्हटलं, मग चाकांची गाडी घेऊ बॅगेला.

"देखसूत." आणि बाहेर निघून गेले.

१३ डिसेंबर

कंबर दुखते म्हणे! आज सकाळी अख्खा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत गेले. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. बोलत नाही मी त्यांच्याशी.

१६ डिसेंबर

अजून बोलत नाही. ते ताटात माझ्यासाठी लोणच्याची फोड ठेवतात. मी खाते. पण बोलत नाही.

पैजेवर सांगते, हरल्याचं आवडलं नाही त्यांना. बाहेर कौतुक, आणि आतून वाटतंय, पोरगी काही कामाची नाही. असंच असणार. नाही तर काय?

२० डिसेंबर, शनिवार

आईपाशी फणकारले आज. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला माझी लाज वाटते. आई पीठ मळत होती. हात तसेच परातीत ठेवून तिनं वर बघितलं.

"लाज? अगं वेडे, त्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गवताचं."

 आईनं मग सगळं सांगितलं. त्या दिवशी मी फटक्यांच्या कार्डावर सही करायला गेले, तेव्हा दुसऱ्या पोरीच्या कॅडीनं नानांना विचारलं होतं — काय काका, तुम्ही गवत उपटलंत म्हणे? तो नाशिकचाच, मराठी. त्याला पंचांकडून कळलेलं. त्यानं नियमही सांगितला. म्हणजे धुळ्याच्या स्टँडवर नानांना सगळं माहीत होतं! भरताच्या पंगतीत माहीत होतं!

मी ओरडलेच — मग ती पायाची गोष्ट गावभर कशाला सांगत सुटले?

आई म्हणाली, "ते म्हणे, पोरगीनं इतकं झाकलं, मी कसं उघडं करू."

आणि का येत नाहीत तेही सांगितलं. म्हणाले, माझा हात ऐकत नाही, गवत दिसलं की आपोआप जातो. पुन्हा गेला तर? पोरगीचं आणखी एक वर्ष जाईल.

परातीतलं पीठ आईनं मळलंच नाही बराच वेळ. दोघी रडत बसलो. असल्या बापाशी मी आठवडाभर बोलले नाही!

२१ डिसेंबर

बागेत गेले. म्हटलं, नाना, मला सगळं कळलंय. चला ना.

त्यांनी विळा खाली ठेवला.  मग म्हणाले, "बापले खोटं सांगं, तर तुना खेळमा काय दंड शे?"

म्हटलं, खेळात नाही तसा नियम. तुम्ही सांगाल तो.

दंड ठरला — जानेवारीपर्यंत रोज सकाळी त्यांच्याबरोबर निंदणी, गवत उपटायचं. आज पहिलाच दिवस — तळहाताला फोड, गोल्फची काठी धरता येत नाहीये. बॅग नानाच घेणार, दोन्ही हात पट्ट्यावर ठेवून — कबूल केलंय!